बक्कल डाव्या हाताला

दिगंबर, दुकान उघडून बसलोय खरा, पण बूड टेकत नाही. पोळा तोंडावर आलाय, दारात गिऱ्हाईक उभं आहे, आणि कासरा मागितला की मी वेसण काढून देतो. सकाळी एकानं घुंगरमाळ मागितली, तर त्याच्यापुढे नायलॉनच्या दोराचं भेंडोळं ठेवलं. "भाई, तब्येत बरी नायी का?" त्यानं विचारलं. "तुले काय करायचं?" म्हणून मी त्याच्यावर खेकसलो. बिचारा माळ न घेताच गेला. तू असतास तर स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाला असतास, "यासीन, हे दुकान हाय का पोलीस ठाणं?"

काल तुझ्या शाळेत शोकसभा झाली. बोलणारे एकामागून एक उठले. शिस्तप्रिय शिक्षक, इंग्रजीचे गाढे अभ्यासक, शांत स्वभाव. शांत स्वभाव ऐकल्यावर मला हसू फुटलं, तोंडावर रुमाल धरला, आणि लोकांना वाटलं मी रडतोय. मग मलाही बोलायला उभं केलं. "मास्तरांचे बालमित्र" म्हणून. मी माइकपुढे गेलो, उभा राहिलो, आणि तसाच परत येऊन बसलो. बोललो असतो तर भांडलोच असतो, आणि शोकसभेत मेलेल्या माणसाशी भांडलेलं बरं दिसत नाही.

पण भांडण आहे. ते अर्धं राहिलंय, म्हणून जीव थाऱ्यावर नाही. शेवटच्या संध्याकाळी तू मला "सोड" म्हणालास आणि मी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी चहा घेऊन आल्या, तोवर तू गेला होतास. आता तू बरोबर होतास की मी, हे ठरवणार कोण? तुझ्या माघारी एकट्यानंच निकाल लावायला मला लाज वाटते, आणि निकाल लावल्याशिवाय झोप लागत नाही.

आपण देऊळघाटच्या शाळेत एकाच बाकावर शिकलो. तू पुढे शिकून गावच्याच हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर झालास, मी वडिलांच्या गादीवर बसलो. आजोबा टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचे, वडील बैलांचं. मी दोन्ही शिकलो आणि आता जे खपेल ते विकतो. शाळा सुटली की तू घरी न जाता आधी दुकानात यायचास. ओळीतल्या सगळ्या दुकानदारांना ठाऊक होतं की ते स्टूल गिऱ्हाइकासाठी नाही.

एकदा तू तणतणतच आलास. कुठल्याशा धड्यात घोडागाडी होती, आणि धड्यात हार्नेस हा शब्द होता. पोरांनी अर्थ विचारला आणि तुला सांगता आला नाही. "मले याले एक मराठी शब्द पाह्यजे," तू म्हणालास, "एकच. लांबड नको लावू." मी तुझ्यापुढे दुकानच मांडलं. मानेवर येतं ते जू. मान जुवातून सटकू नये म्हणून दोन्ही बाजूंना घालतात त्या काठ्या म्हणजे शिवळा. गळ्याखालून जातो तो पट्टा जोतं. नाकात वेसण, डोक्याला म्होरकी, हाकणाऱ्याच्या हातात कासरा. तू कान झाकून घेतलेस.

"एवढे नको बे. सगळ्यायचा मिळून एक सांग."

"मंग साज म्हन."

"साज म्हणजे नटवनं झालं. पोळ्याले बैलाले चढवतात तो साज. नांगराले जुंपलेल्या बैलाच्या अंगावर कायचा साज?"

"माह्या आजोबाच्या तोंडात साज म्हणजे घोड्याचं सारं सामान होतं. फारशीतून आलेला शब्द हाय. नटवनं तुमी मागून चिकटवलं त्याले."

त्यानंतर काही दिवस तू दुकानात आला नाहीस. मला वाटलं रागावलास. तू जाडजूड कोश उपसत बसला होतास. आलास तो पोरासारखा फुलून. हार्नेस हा शब्द म्हणे आधी घोड्याचा नव्हताच. जुन्या फ्रेंचातून इंग्रजीत शिरला तेव्हा शिपायाचं चिलखत आणि त्याचं लढाईचं सामान असा त्याचा अर्थ होता. त्याच्याही मागे, उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या लोकांच्या बोलीत, तो फौजेची शिदोरी असावा असं जाणकार मानतात. "शिदोरी, यासीन!" तू स्टूल सोडून उभाच राहिलास. "भाकरीचं गाठोडं! तिथून चिलखत झालं, तिथून घोड्यावर गेलं, आन आता खांबावर चढनाऱ्या वायरमनच्या कमरेले जाऊन बसलं. शब्दाले बी पाय असतात बे." आपलं जू आणि इंग्रजांचं योक हे चुलतभाऊ निघाले तेव्हा तर तू बसस्टँडवरच्या पानवाल्यालाही ते सांगून आलास. त्यानं तुला विचारलं, मग चुना लावू का कमी.

मीही मागे हटत नव्हतो. लगाम, खोगीर, जीन, रिकीब, एकेक शब्द मी गल्ल्यावर आपटायचो आणि म्हणायचो, हे सगळे आमच्याकडून आले. "तुह्या आज्यानं पाठीवर आनले का बे?" तू विचारायचास. मग चहा यायचा. त्या चहांची मला आता इतकी आठवण येते की चहावाल्याला मी दुकानाच्या पायरीवर चढूच देत नाही.

तरी ते भांडण मजेचं होतं. खरं भांडण निराळं होतं आणि ते कधीच मिटलं नाही. हा साज असतो कोणासाठी, हे ते भांडण. तू म्हणायचास, मालकासाठी. जनावराकडून काम काढून घ्यायचं, म्हणून ते अडकवून ठेवायचं, बाकी सगळं गोड बोलणं. मी म्हणायचो, जनावरासाठी. नुसता दोर गळ्यात टाकून गाडी ओढायला लावली तर बैलाला फास बसेल. खांद्यावर ओझं पसरतं ते नीट बसलेल्या सामानामुळे. कातडं कुठं घासेल, आतला लोकरीचा नमदा कुठं जाड हवा, हे सगळं जनावराचं अंग पाहून ठरतं. माझं सगळं ऐकून झालं की तू शांतपणे म्हणायचास, "बैलाले कोनं विचारलं?" मी दोर मोजायला घ्यायचो.

मग तुझी उजवी बाजू गेली.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तू खाटेवर असा पडला होतास की मला तुझ्याकडे बघवेना. जीभ जड झाली होती, पण डोळे तेच, खवट. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज उभं करा, चालवा, नाहीतर पाय कायमचा जाईल. कुसुमवहिनी किती नाजूक, आणि तू सहा फुटी. "भाऊ, यायले उठवता येत नायी मले," त्या म्हणाल्या, "पडले तर मी बी संगं पडीन." सुहास पुण्याहून फोन करून म्हणत होता, बाबांना इकडेच आणतो, इथे माणूस ठेवू. पुणं म्हटलं की तू भिंतीकडे तोंड फिरवायचास. मला कळत होतं, तू तिथं गेलास की परत येणार नाहीस. आणि मला तू इथं हवा होतास. हे तेव्हा मी कोणालाच सांगितलं नाही, आता सांगतो.

दुपारच्या दुपारी बसून मी पट्टा शिवला. खाटेची रुंद नवार घेतली, छातीभोवती एक आणि कमरेभोवती एक, दोन्हींना मांडीखालून जाणारे बंद. आतून नमदा लावला, काखेत घासू नये म्हणून मऊ सुती कापड दुमडून घातलं. पाठीमागे धरायला दोन मुठी. बक्कल पाठीवर. इतकं सफाईदार काम मी आजवर घोड्याचंही केलं नव्हतं. छाती फुगवून तुझ्याकडे आलो.

तू तो पट्टा पाहिलास. वहिनींना वाटलं तुला पुन्हा झटका येतोय, असा लाल झालास.

"मले जुंपून राह्यला का बे?"

"जुंपत नायी. धरतो हाय."

"दोर कोनाच्या हातात हाय ते पाह्य आधी."

"तुह्या पायायले बळ नायी म्हणून."

"बैलाले कोनं विचारलं?"

मी चिडून पट्टा तिथंच टाकून निघालो. गेटपर्यंत गेलो असेन, तर तू आतून ओरडलास. त्या जड जिभेनं काय बोललास ते मला आधी कळलंच नाही. आत आलो, पुन्हा विचारलं. "बक्कल," तू म्हणालास, "समोर. डाव्या हातापाशी."

तुला तेव्हा कळलं नसेल, तू काय मागितलंस. आमच्या धंद्यात बक्कल कधीही जनावराच्या तोंडाच्या, पायाच्या टप्प्यात ठेवत नाहीत. हातालाच तशी सवय. आजोबांनी शिकवलं, वडिलांनी शिकवलं, आणि मी ते सगळं उसवत बसलो. टाका चुकायचा, बक्कल आपोआप मागे जायचं, पुन्हा उसवायचो. शेवटी बसलं. तुझा धडधाकट डावा हात जिथं सहज पोचेल तिथं. पहिल्यांदा अंगावर चढवलं तेव्हा तू आधी ते बक्कल काढलंस, लावलंस, परत काढलंस. मग म्हणालास, "हां. आता चाल."

ते महिने, दिगंबर, मला कोणी परत दिले तर बाकी काही मागणार नाही. ओसरीपर्यंत, मग गेटपर्यंत, मग लिंबापर्यंत. मी मागे मुठी धरून, तू पुढे, आणि वहिनी बाजूनं काठी घेऊन. चालताना तुला धाप लागायची, पण तोंड बंद नसायचं. शब्द अडला की पायही अडायचा, म्हणून तू शब्द शोधायचास आणि मी वाट बघायचो. एकदा शिवळ हा शब्द तुला सापडेना. भर रस्त्यात उभे आपण, मागे ट्रॅक्टर हॉर्न वाजवतोय, ट्रॅक्टरवाला म्हणतोय, "गुर्जी, बाजूले व्हा ना," आणि तू हलायला तयार नाहीस. मी सांगतो म्हटलं तर "चूप." सापडला तेव्हा ट्रॅक्टरवाल्यालाच ओरडून सांगितलास. तो तुझाच विद्यार्थी, बिचारा "हाव गुर्जी" म्हणाला.

मी कधी तुला धन्यवाद दिले नाहीत. कसे देणार, आपल्यात ते बोलणंच नव्हतं. पण मागून तुला धरून चालताना मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटायचं. दोर विकून कोणी उपयोगी पडत नाही. तू मला ते दिलंस, आणि शिव्या देत देत दिलंस.

तुझ्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. पोळ्याच्या आत दुकानापर्यंत यायचं, पायरी चढायची आणि स्टुलावर बसायचं. वहिनींनी मनात शेगावची पायरी धरली होती, तू माझ्या दुकानाची. "महाराज रागावतीन," त्या म्हणायच्या. "महाराजायले कळते," तू म्हणायचास.

त्या संध्याकाळी आपण पहिल्यांदा कोपऱ्यापर्यंत आलो. वहिनी घरीच राहिल्या होत्या, आपण दोघंच. कोपऱ्यावरून दुकान दिसतं. घुंगरमाळा बाहेर टांगलेल्या होत्या, मुद्दाम, तुला दिसाव्यात म्हणून. तू थांबलास. मला वाटलं धाप लागली. तू डाव्या हातानं बक्कल काढलंस. पट्टा सैल झाला, माझ्या हातात नुसत्या मुठी. मी झटकन तुझा सदरा धरला, पाठीवरून, मुठीत घट्ट.

"सोड."

"पडशीन."

"पडू दे. सोड."

"रस्ता हाय दिगंबर. हाड मोडन तुहं."

"माहं हाड हाय ना? सोड म्हनतो तुले."

मी सोडलं नाही. तू खांदा झटकलास, मी आणखी घट्ट धरलं. लोक बघायला लागले. मग तू ढिला पडलास, मी पट्टा परत लावला, आणि आपण मागे वळलो. खाटेवर बसवताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी म्हणालो, "उद्या जाऊ." तू भिंतीकडे तोंड फिरवलंस, जसं पुण्याच्या नावानं फिरवायचास.

आता सांग, मी काय करायला हवं होतं? अजूनही मला वाटतं मी बरोबर होतो. पडला असतास तर? खुब्याचं हाड मोडलं असतं, मग खाट, मग पुणं. वहिनींना मी काय तोंड दाखवलं असतं? मी तुझ्या भल्यासाठीच धरलं होतं. हे वाक्य मनात म्हणतो आणि तिथंच अडतो, कारण तुझ्या भल्यासाठी धरलं होतं की तू माझ्यापासून सुटू नयेस म्हणून, हे मला सांगता येत नाही. तू चाललाही असतास कदाचित. चार पावलं. तेवढीच तुला हवी होती. आणि तुझी आठवण आली की मला राग येतो, तुझा नाही, त्या सदऱ्याच्या कापडाचा. इतकं मजबूत कशाला शिवतात?

सुहास येईपर्यंत सगळे थांबले होते. अंगणात तिरडी बांधायला घेतली. दोर माझ्याच दुकानातून आला, दुसरीकडून कुठून येणार? गावातले म्हातारे म्हणाले, "यासीनभाई, दोर तुमचा हाय, बांधा बी तुमीच. तुमचा हात चांगला." कोणी हिंदू-मुसलमान काढलं नाही, तुझ्या दारात कोणी काढलंही नसतं. मी खाली बसलो. तुझ्या छातीवरून, कमरेवरून, गुडघ्यांवरून दोर घेतला. मी काय करतोय ते मला दिसत नव्हतं, हात आपले आपण चालत होते. मग खांदा दिला. दुकानावरूनच गेलो आपण, दुसरा रस्ताच नाही. मी मान वर केली नाही.

नदीकाठी चितेवर ठेवायच्या आधी दोर सोडायला घेतला, तर सुटेना. एकानं पाहिलं, दुसऱ्यानं पाहिलं. मडक्यातलं पाणी पडून दोर फुगला होता. "कोनं बांधलं हे?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे आलो, पाहिलं आणि हादरलो. तिन्ही ठिकाणी निरगाठ. भरल्या गाडीवरचं ओझं आवळतात तशी, दुहेरी, पिळून.

माझ्या हातून निरगाठ, दिगंबर. जिवंत जनावराला आम्ही कधी निरगाठ मारत नाही. सुरगाठच मारतो, एक टोक ओढलं की सुटणारी. गोठ्याला आग लागली, बैल पाय अडकून पडला, तर एका झटक्यात मोकळा झाला पाहिजे. लहानपणी चुकलो तर वडील हातावर दाभणाची मूठ मारायचे. जन्मभर न झालेली चूक मी तुझ्यावर केली.

सुहास विळा घेऊन आला. रडून त्याचे डोळे सुजले होते. "काका, कापू का? उशीर होतोय. सगळे असंच करतात."

"थांब," मी म्हणालो, "कापू नको."

तो थांबला. लोक कुजबुजायला लागले, कोणी घड्याळ बघितलं, भटजींनी घसा खाकरला. मला पर्वा नव्हती. कापला असता तर दोर तुटला असता, मी सोडला नसता. मी तुझ्याजवळ गुडघे टेकून बसलो. गुडघ्यांवरची गाठ नखांनी सुटली. कमरेवरच्या गाठीत खिशातली कातडं टोचायची आरी घातली, पीळ सैल केला, ओढला. छातीवरची मात्र हलेना. बोटं सोलली, आरी निसटली. मग मी वाकलो आणि ती दातांत धरली. ओल्या दोराची चव तोंडात आली. माझं डोकं तुझ्या छातीवर होतं, आणि मी ओढत होतो, थांबत होतो, पुन्हा ओढत होतो, आणि रडत होतो, सगळ्या गावासमोर.

सुटली.

दोर बाजूला झाला. चार जण पुढे आले, त्यांनी तुला उचललं. मी दोन्ही हात वर घेतले, कुणालाही दिसतील असे, मोकळे. उचलताना तुझा खांदा माझ्या तोंडाजवळून गेला, तेव्हा मी तुझ्या कानाशी म्हणालो, "सोडलं बे दिगंबर. आता पडतं तर पड."